तारापूरची पडताळणी : साक्षांकन नमुन्यापासून संगणकापर्यंत

तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा कर्मचाऱ्याची सुरक्षा पडताळणी सगळी कागदावर चाले. साक्षांकन नमुन्यात राहण्याची ठिकाणे, अटक, खटला यांची माहिती विचारलेली असे. खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल, ही ताकीदही तिथेच छापलेली. नमुना मग गावच्या पोलीस ठाण्यात जाई. डहाणू-तलासरीच्या उमेदवारांचे कागद ठाणे जिल्ह्यातून फिरत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर हे काम पालघरकडे आले.

पुढे काम संगणकावर आले, तसा त्याच्या गैरवापराविरुद्धचा कायदाही आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने संगणकात विनापरवाना प्रवेश, माहितीची नक्कल आणि व्हायरस सोडणे यांसाठी नुकसानभरपाई ठरवली. २७ ऑक्टोबर २००९ पासूनच्या दुरुस्तीनुसार हीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केली, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू इथे निर्णायक ठरतो. सरकारने ‘संरक्षित’ जाहीर केलेल्या यंत्रणेत घुसल्यास शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

कामाच्या जागी गैरवापराची सुरुवात साध्या गोष्टींनी होते: सहकाऱ्याला पासवर्ड देणे, त्याच्या नावाने लॉगिन करणे, आराखडा घरच्या पेनड्राइव्हवर घेणे. कोणत्या खात्यातून, कोणत्या संगणकावर, किती वाजता, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते. चौकशीत ‘मी नव्हतो’ म्हणणाऱ्यापुढे हीच नोंद ठेवली जाते, आणि मग मूळ चुकीपेक्षा तो नकार जास्त महागात पडतो. अमेरिकेत सुरक्षा पडताळणीसाठी २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांत संगणकवापर आणि वैयक्तिक वर्तन हे दोन स्वतंत्र निकष आहेत; अशा प्रकरणात दोन्ही एकदम लागू होऊ शकतात.

२०१९ मध्ये कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक प्रणाली सापडली. अणुभट्टीचे नियंत्रण वेगळ्या जाळ्यावर असल्याने सुरक्षित राहिले. तारापूर चालवणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच ते केंद्रही चालवते, त्यामुळे कार्यालयातला साधा संगणकही सुरक्षेचाच भाग आहे, हे इथेही तितकेच लागू होते.

दडवलेल्या माहितीबाबत सर्वात महत्त्वाचा निकाल २०१६ चा, अवतार सिंग खटल्यातला. माहिती खरीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले. मात्र तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखा किरकोळ गुन्हा दडवला गेला असेल, तर नियोक्ता त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, असेही म्हटले. १९४५ च्या वारली उठावापासून वाढवण बंदरविरोधापर्यंत आंदोलनांची परंपरा असलेल्या या पट्ट्यात या सवलतीचे मोल मोठे आहे. पण सवलत देणे नियोक्त्याच्या मर्जीवर आहे, उमेदवाराचा तो हक्क नाही. म्हणून नमुन्यात विचारले असेल, तर आंदोलनातला गुन्हाही क्रमांक, तारीख आणि निकालासह लिहावा. निर्दोष सुटका झाली असली तरी रकाना कोरा ठेवू नये.