कचरावेचकांची सहकारी संस्था व तिचा अर्थव्यवहार

कचऱ्याचे व्यवस्थापन हा जसा स्वच्छतेचा, तसाच हिशेबाचाही प्रश्न आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन होऊन कचरावेचक संघटित झाले. १९९६ मध्ये महानगरपालिकेने त्यांची ओळखपत्रे मान्य केली. १९९७ मध्ये त्यांची पतसंस्था उभी राहिली. पुढे २००७ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली व २००८ मध्ये तिने महानगरपालिकेशी करार केला.

या संस्थेची आर्थिक रचना सुबोध आहे. सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. त्याबद्दल कुटुंबांनी दरमहा द्यावयाचे सेवाशुल्क व भंगारविक्रीचे उत्पन्न ही त्यांची कमाई होय. देखरेख व समन्वयाच्या खर्चास महानगरपालिकेने साहाय्य करावे, अशी योजना आहे. साहजिकच एखाद्या घराने शुल्क थकविले, तर ती तूट थेट कष्टकरी स्त्रीच्या मिळकतीत पडते. ओला व सुका कचरा एकत्र केल्यास भंगाराचा भावही उतरतो.

मंचेरियलसारख्या गोदावरीकाठच्या शहरात अशी संस्था काढावयाची झाल्यास शुल्कवसुलीची व व्यवस्थापनखर्चाची तजवीज आधी करावी. गाड्यांची खरेदी त्यानंतर. नागरिकांनीही शुल्क वेळेवर देऊन आपला वाटा उचलणे अगत्याचे आहे.