चौदा इंची भोक आणि वरचं पाणी

अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचं टेबल आणि झोपायची जागा यांत अंतर जेमतेम दोन पावलांचं. तिथे फोडणी दिली की ठसका थेट उशीपर्यंत पोचतो. ओट्याजवळच्या छतातला झरोका आणि त्यातला पंखा म्हणूनच महत्त्वाचा. वास ही त्यातली लहान गोष्ट आहे. शेगडी बहुधा प्रोपेनवर चालते, आणि १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. पंखा बंद असेल तर ती थंड भिंतींवर आणि कपाटांच्या मागे साचते, बुरशी धरते. ज्योत नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. या वायूला वास नाही, त्यामुळे तो नाकाला कळत नाही.

पंखा थांबला की आधी फ्यूज तपासावा. तो ठीक असेल तर पंख्याच्या तारांपर्यंत १२ व्होल्टचा पुरवठा येतोय का, ते मीटरने पाहावं. वीज पोचत असूनही पातं हलत नसेल, तर मोटर गेली. अनेकदा मोटर शाबूत असते आणि उन्हाने ठिसूळ झालेलं प्लास्टिकचं झाकणच तडकलेलं असतं. मग एकटं झाकण बदलून भागतं. फक्त बिजागरी कोणत्या पद्धतीची आहे ते पाहूनच नवं घ्यावं.

अख्खा पंखा बदलायचा तर एक मोठी सोय आहे. उत्तर अमेरिकेत या झरोक्याचं माप बहुतेक गाड्यांत १४ इंच बाय १४ इंच असं ठरलेलं असतं. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव या गाड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण गाडी तिथली असो वा दुसरीकडची, एका कंपनीचा पंखा काढून त्याच चौकोनात दुसऱ्या कंपनीचा सहसा बसतो.

वायरिंग तर दोनच तारांचं. बॅटरीची जोडणी सोडून, रंग लक्षात ठेवून काम केलं की झालं. साध्या पंख्यात तारा उलट लागल्या तर पातं उलटं फिरतं आणि धूर बाहेर जाण्याऐवजी बाहेरची हवा आत येते.

खरं कसब छतावर आहे. या दुरुस्तीत हलगर्जी झाली तर त्रास पंख्याचा होत नाही, पाण्याचा होतो, आणि तो बऱ्याच उशिरा कळतो. जुन्या चौकटीभोवतीचं सीलंट पुट्टीच्या पट्टीने हळूहळू सोलावं लागतं. पट्टी प्लास्टिकची असलेली बरी, कारण अनेक छतांवर ईपीडीएम रबराचं पातळ आवरण असतं आणि लोखंडी धारेने ते फाटतं. पेट्रोलियमयुक्त द्रावकांनीही हे रबर फुगतं. चौकट निघाली की आतलं लाकूड बोटाने दाबून पाहावं. मऊ लागलं तर पाणी आधीच मुरलेलं आहे. आधी ते लाकूड बदलावं, पंखा नंतर.

नव्या चौकटीखाली बुटाइल टेपचा सलग थर द्यायचा, स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने आवळायचे. टेप चारी बाजूंनी सारखी बाहेर डोकावली की दाब बरोबर. मग कडा आणि स्क्रूंची डोकी छतासाठीच्या, आपोआप सपाट पसरणाऱ्या सीलंटने झाकायची. घरातलं सिलिकॉन इथे लावू नये: पुढच्या दुरुस्तीत त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही.

सीलंट सुकल्यावर छतावर पाइपने पाणी सोडून आत कुठे ओल येतेय का, ते पाहावं. पंख्याची परीक्षा घेताना लांबची एखादी खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी ताजी हवा येते. नंतर वर्षातून निदान दोनदा शिडी लावून सीलंटच्या कडा बघाव्यात, आणि त्यातली एक वेळ हिवाळ्याआधीची असावी, कारण भेगेत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि भेग रुंदावते.