कुत्र्याला लस, लेकराला अभय



कुत्र्यांच्या आजारांवर संशोधन व्हावं म्हणून लोक देणग्या देतात, असं सांगितलं तर आपल्यातली एखादी लगेच विचारेल, "माणसांच्या औषधाला पैसा पुरत नाही, तिथे कुत्र्यांवर कशाला खर्च?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर रेबीज या आजारात सापडतं. आपण त्याला कुत्रं पिसाळणं म्हणतो.

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. ते चावलं, ओरबाडलं किंवा त्याने जखमेवर चाटलं, की तो आपल्या शरीरात शिरतो. आपल्याकडे माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्यापासूनच होतो. एकदा लक्षणं दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात रेबीजने जेवढी माणसं दगावतात, त्यातली सुमारे एक तृतीयांश भारतातली असतात, असा अंदाज आहे. त्यात गल्लीत खेळणारी लहान मुलं खूप असतात.

यावरच्या संशोधनाला देणगीचा हात लागला, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. फ्रान्समधल्या लुई पाश्चर यांनी रेबीजची लस आधी कुत्र्यांवर तपासून पाहिली. १८८५ च्या जुलै महिन्यात एक आई कुत्रा चावलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे पॅरिसला आली. लस दिली आणि मुलगा वाचला. त्यानंतर देशोदेशींच्या लोकांनी वर्गणी दिली आणि १८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उभी राहिली.

म्हणजे लस केव्हाच सापडली होती. मग इतक्या वर्षांनीही माणसं का मरतात? कारण माणसाला कुत्रा चावल्यावर लस दिली, तर तो एक जीव वाचतो. कुत्र्यांमधला आजार मात्र तसाच फिरत राहतो. तो थांबवायचा तर कुत्र्यांनाच लस द्यायला हवी. किती कुत्र्यांना? अभ्यासातून उत्तर मिळालं, की शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दिली की विषाणूला पुढचं कुत्रं सहज सापडत नाही आणि साखळी तुटते. पण मोकाट कुत्री हजारोंनी असताना सत्तर टक्के झाली हे ओळखायचं कसं, हा खरा पेच होता.

तो आपल्या शेजारच्या गोव्यात सुटला. ल्यूक गॅम्बल या ब्रिटिश पशुवैद्यांनी २०१३ साली 'मिशन रेबीज' ही धर्मादाय संस्था सुरू केली. ब्रिटनमधल्या श्वानप्रेमींच्या देणग्यांवर चालणाऱ्या 'डॉग्ज ट्रस्ट' परिवारातून तिला पैसा मिळाला. एका कंपनीने लस देणगी म्हणून दिली. गोवा सरकारने करार करून साथ दिली. एडिंबरा विद्यापीठातले संशोधकही या कामात होते.

कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मोबाइलवरच्या नकाशात गावाचे लहान लहान भाग पाडायचे. प्रत्येक पथकाने आपल्या भागात घरोघर जायचं आणि पाळीव कुत्र्यांना लस द्यायची. मोकाट कुत्र्यांना जाळीने धरून लस द्यायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि सोडून द्यायचं. मग दुसऱ्या पथकाने त्याच गल्ल्यांतून फिरून मोजायचं, की खुणेची किती आणि बिनखुणेची किती. बिनखुणेची जास्त दिसली तर तिथे पुन्हा जायचं. लसीइतकंच हे मोजणंही महत्त्वाचं होतं. संशोधनाचा पैसा अशा मोजणीवरही खर्च होतो. मोजलं नाही तर लस कुठे कमी पडली ते कधीच कळत नाही.

या कामाचा २०१३ ते २०१९ पर्यंतचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस आणि सत्तर टक्क्यांचं प्रमाण हे दोन्ही साधलं. दरवर्षी दीड लाख मुलांना कुत्र्यापासून कसं जपायचं हे शिकवलं. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या रुग्णांची दरमहाची संख्या ९२ टक्क्यांनी घटली. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. म्हणजे दूरदेशी कुणी कुत्र्यावरच्या मायेने दिलेला पैसा इथल्या आयांची लेकरं वाचवायला कामी आला.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवू. देणगीने वाट दाखवली, तरी ती चालत राहणं गावाच्या आणि सरकारच्या हातात आहे. नवी पिल्लं जन्मतात आणि लसीचा असर ओसरतो. एक वर्ष काम थांबलं तर प्रमाण पुन्हा खाली येतं.

आपल्या गटाला काय करता येईल? घरचं पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात लस द्या. पुढचा डोस डॉक्टरांना विचारा आणि दरवर्षी लस चुकवू नका. गटाच्या बैठकीत वहीत लिहा : वस्तीत कुत्री किती, लस किती जणांना झाली. ती वही घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा आणि लसीकरणाचं शिबिर मागा. आकडा हातात असला की "बघू नंतर" म्हणणं अवघड जातं.

आणि कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद काही लावू नका. मंत्र-गंड्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत आणखी एक औषध जखमेत टोचावं लागतं, त्याबद्दल आठवणीने विचारा. जखम सुकली तरी लसीचे सगळे डोस पूर्ण करा. मुलांना सांगून ठेवा, की कुत्र्याने नुसतं ओरबाडलं तरी घरी सांगायचं, कुणी रागावणार नाही. मारायच्या भीतीने लपवलेली जखमच जिवावर बेतते.

येत्या बैठकीला वहीचं पहिलं पान भरूया.