ध्रुवाकडे माणसं होती, आणि आहेत

सुरतेहून बारडोलीमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ता कडोदऱ्याच्या चौकात मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो. इथल्या लूमवर आणि डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची कितीतरी कुटुंबं राबतात, आणि गणेशोत्सवात त्यांच्या मंडपांत लोकमान्यांची तसबीर असते. तिच्यासमोर गप्पा रंगल्या की एक विधान हटकून ऐकू येतं: आपले पूर्वज उत्तर ध्रुवावरचे, टिळकांनी ते सिद्ध केलंय.

उत्तर ध्रुवाशी मराठी माणसाची ओळख झाली ती बहुतांशी टिळकांच्या एका पुस्तकामुळे. मात्र त्या ओळखीत ध्रुवाकडे खरोखर राहणारी माणसं कुठेच आली नाहीत. हे सांगताना टिळकांबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही.

आधी टिळकांचं म्हणणं काय होतं ते पाहू. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे पुस्तक 1903 साली प्रसिद्ध झालं. वेदांत अनेक दिवस चालणाऱ्या उषेचे, लांबलचक रात्रीचे उल्लेख टिळकांना दिसले. कडोदऱ्यात जूनमधला मोठ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच संपतो आणि पहाट तास-दीड तासात उरकते. मग आठवडेच्या आठवडे टिकणारी उषा कोणी पाहिली असेल? जिथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते, तिथल्या लोकांनी, असा टिळकांचा तर्क होता. आपले पूर्वज बर्फात राहत होते असं मात्र ते म्हणाले नव्हते. हिमयुगापूर्वी ध्रुव प्रदेश उबदार आणि सुखाचा होता, इसवीसनपूर्व 10,000 ते 8,000 च्या सुमारास बर्फ आला आणि आर्यांना घर सोडावं लागलं, असं त्यांनी मांडलं.

त्या काळातल्या भूविज्ञानावर हा तर्क उभा होता आणि पुढे ते भूविज्ञानच बदललं. आज आपल्याला माहीत आहे की शेवटच्या हिमयुगाचा कळस सुमारे 21,000 वर्षांपूर्वी होऊन गेला आणि सध्याचा उबदार काळ सुमारे 11,700 वर्षांपूर्वी सुरू झाला. म्हणजे टिळकांच्या हिशोबाने जेव्हा बर्फ चालून येत होता, तेव्हा प्रत्यक्षात तो मागे हटत होता. इंडो-युरोपीय भाषांचं मूळ बहुतेक अभ्यासक काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात शोधतात. त्यावरही वाद आहेत, पण त्या वादात ध्रुव प्रदेश येत नाही. तेव्हा टिळकांनी एक बुद्धिमान तर्क मांडला, तो सिद्ध झाला नाही, असंच म्हणावं लागतं.

मग त्या काळी तिथे कोणीच नव्हतं का? होतं तर! सायबेरियात याना नदीच्या काठी, 71 अंश उत्तरेला, 31,000 वर्षांहून जुनी वस्ती सापडली आहे. तिथे गेंड्याच्या शिंगाची आणि मॅमथच्या दातांची हत्यारं मिळाली, आणि हाडाच्या सुयाही. सुयांना नेढं आहे. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला या सुईचं मोल सांगायला नको. कातडं नुसतं अंगावर ओढून उणे चाळीसमध्ये जगता येत नाही. ते अंगाबरोबर शिवावं लागतं. रेनडिअरच्या कातड्याचे दोन थर, आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर, शिवायला जनावरांच्या स्नायूंचे धागे. ते धागे ओले झाले की फुगतात आणि टाक्याची भोकं बुजतात. ध्रुवाकडचे लोक जात्याच काटक, म्हणून थंडी सोसतात, असं आपण म्हणतो तेव्हा शिवणाऱ्या बायकांचं हजारो वर्षांचं कसब पुसून टाकतो.

याहून उत्तरेला, 76 अंशांवरच्या झोखोव बेटावर, 9,000 वर्षांपूर्वीचे लोक अस्वलं आणि रेनडिअर मारून जगत होते. हे बेट त्या वेळी मुख्य भूमीला जोडलेलं होतं. तिथले लोक घसरगाडी ओढायला कुत्री पाळत, आणि त्यांच्याकडचा काचेसारखा ज्वालामुखीचा दगड दीड हजार किलोमीटरवरून आलेला होता. एवढ्या लांबची देवाणघेवाण एकाकी, जगापासून तुटलेले लोक करत नसतात.

तरीही ध्रुव म्हणजे निर्मनुष्य बर्फ, हे चित्र मनातून जात नाही. त्याला थोडासा हातभार आपल्याच छायाचित्रांनी लावला आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमाद्री’ हे ठाणं 2008 पासून स्वालबार्डच्या नी-ऑलेसुंड गावात आहे, आणि तिथून येणाऱ्या फोटोंत संशोधक, बर्फ आणि इमारती दिसतात. स्वालबार्डला मूळचे रहिवासी खरंच कधी नव्हते; नी-ऑलेसुंड हे कोळशाच्या खाणीचं गाव होतं. पण स्वालबार्ड हा अपवाद आहे. ध्रुव प्रदेशात आज सुमारे चाळीस लाख लोक राहतात, आणि त्यांतले साधारण दहा टक्के मूळनिवासी आहेत: इनुइट, सामी, नेनेत्स, चुकची आणि असे कितीतरी.

बर्फाच्या घरांचं चित्र तर शाळेच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेलं. बर्फाची घुमटी हिवाळ्यात बांधली जायची ती मुख्यतः मध्य कॅनडाच्या किनाऱ्यावर आणि ग्रीनलंडच्या एका कोपऱ्यात. बाकी ठिकाणी माणसं जमिनीत अर्धी खोदलेल्या, दगड-मातीच्या घरांत राहत. छताला वाहून आलेलं लाकूड किंवा देवमाशाची हाडं. उन्हाळ्यात कातड्याचे तंबू.

आहाराबद्दलही असंच. भाजीपाला नाही तर हिरड्या सडायला हव्यात, पण देवमाशाच्या कच्च्या कातडीत क जीवनसत्त्व असतं. शतकानुशतकं समुद्री चरबी खाल्ल्याने शरीरंही बदलली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये स्निग्धाम्लं हाताळणाऱ्या जनुकांचे खास प्रकार आढळले, आणि त्यांचा संबंध उंचीशीही दिसला.

निसर्गाने माणसाला घडवलं, हे आपल्याला सहज पटतं. माणसानेही ध्रुवाची भूमी घडवली, ही बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. कॅनडाच्या सॉमरसेट बेटावर थुले संस्कृतीचे लोक साधारण इसवी सन 1200 पासून देवमाशांची शिकार करत. ते मासे ओढून आणत, कापत, आणि हाडांची घरं बांधत. त्या वस्तीजवळच्या तळ्याचा गाळ शास्त्रज्ञांनी तपासला तेव्हा दिसलं की चरबी-मांसातून आलेल्या खताने तळ्यातलं सूक्ष्म जीवनच पालटलं होतं. वस्ती उठून कित्येक शतकं लोटली तरी तळं पूर्वपदावर आलेलं नाही. उत्तर स्कॅन्डिनेव्हियात सामी लोकांनी रेनडिअर जिथे कोंडले, तिथल्या जमिनीला शेणखत मिळालं. माणसं निघून गेल्याला शतक उलटलं तरी तिथे गवताची कुरणं टिकून आहेत. ज्याला आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून कॅलेंडरवर लावतो, त्यातला काही भाग कोणाच्या तरी गोठ्याची, स्वयंपाकघराची जागा आहे.

तिथलं ज्ञानही असंच जमिनीतून आलेलं. 1977 साली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने अलास्काच्या मूळनिवाशांची बोहेड देवमाशाच्या शिकारीवर बंदीचा निर्णय घेतला, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने फार तर दोन हजार मासे उरले होते. शिकारी म्हणाले, तुम्ही बर्फाच्या फटीतून दिसणारे तेवढेच मोजता. बाकीचे बर्फाखालून जातात. मग पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून मोजणी झाली, आणि शिकारी बरोबर ठरले. 2011 च्या मोजणीत तो आकडा सोळा हजारांच्या पुढे गेला होता.

‘हे लोक कुठल्याही बर्फात जगतील’ हा समज नुसता चुकीचा नाही, त्याने माणसांचे हाल केले. 1953 साली कॅनडा सरकारने उत्तर क्वेबेकच्या इनुकजुआकमधून इनुइट कुटुंबं उचलली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रिस फिऑर्डला नेऊन ठेवली. त्यांच्या गावी, 58 अंशांवर, हिवाळ्यातही रोज सूर्य उगवत असे. नव्या जागी महिनोन्‌महिने काळोख, जनावरं वेगळी, किनारा अनोळखी. टिळकांनी वेदांत शोधलेली ती दीर्घ रात्र या इनुइटांनाही परकी होती. कारण त्यांची कला एका किनाऱ्याची, एका ऋतुचक्राची होती. ती गाठोड्यात बांधून नेता येत नाही. सरकारने माफी मागितली ती 2010 मध्ये.

ओळखीची जमीन अनोळखी करण्याचं हे काम आता हवामानाने चालवलं आहे. 1979 पासून ध्रुव प्रदेश उर्वरित जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये यमाल द्वीपकल्पावर बर्फावर पाऊस पडला, तो गोठला आणि चाऱ्यावर कडक कवच बसलं. त्या हिवाळ्यात 61,000 रेनडिअर उपाशी मेले. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेत आले आहेत, आताही घेतील, असं म्हणणं सोपं आहे. पण नेनेत्स जुळवून घेतात ते कळप दुसरीकडे हलवून, आणि हलायला मोकळी जमीन लागते. यमालवर आज वायूच्या विहिरी, पाइपलाइन आणि रेल्वे आहे.

या सगळ्याशी सुरत जिल्ह्याचा काय संबंध, असं वाटेल. कडोदऱ्याहून अर्ध्या-पाऊण तासावर, सुरतेतल्या वराछासारख्या भागांत, हिरे घासायच्या घंट्यांवर जगातल्या दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पडतात. त्यांतले कितीतरी आजवर उत्तरेतून आले: रशियातल्या याकुतियातून, आणि कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या एकाटी व डायविक खाणींतून. एकाटी 1998 मध्ये सुरू झाली, डायविक 2003 मध्ये. या खाणी देने आणि इनुइट लोकांच्या शिकारीच्या भूमीवर, बाथर्स्ट कॅरिबू कळपाच्या वाटेवर आहेत. 1986 साली त्या कळपात साडेचार लाखांहून जास्त जनावरं होती. 2018 पर्यंत दहा हजारसुद्धा उरली नाहीत. सगळा दोष खाणींवर टाकता येणार नाही. वणवे, ऊन, रोग, शिकार अशी अनेक कारणं गुंतलेली आहेत. पण खाणींचे रस्ते आणि धूळ पाहून कॅरिबू वाट वळवतात, हे तिथल्या लोकांनी सांगितलं आणि अभ्यासांतूनही दिसलं.

त्या भूमीवरच्या त्लिचो लोकांनी या कळपाची शिकार थांबवली. दर उन्हाळ्यात त्यांची वडीलधारी माणसं आणि तरुण तळ्याकाठी आठवड्यांमागून आठवडे तळ ठोकतात, पायी हिंडतात, आणि कॅरिबू कुठे चरतात, वासरं किती, लांडगे किती, खाणीपासून कळप किती अंतरावरून वळतो याची नोंद ठेवतात. कळपाचं पुढे काय करायचं हे ठरवताना सरकारी जीवशास्त्रज्ञांच्या विमानातून केलेल्या मोजणीच्या जोडीला ती नोंदही टेबलावर असते.