औषधी गोळ्यांतील निष्क्रिय घटक : सुधारित स्टार्च

प्रस्तावना :
औषधाच्या अनेक गोळ्यांत प्रत्यक्ष औषध काही मिलिग्रॅमच असते. उरलेला भाग सहायक द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये रोगावर स्वतः काम करीत नाहीत, म्हणून त्यांना निष्क्रिय घटक म्हणतात. तथापि गोळी यंत्रातून अखंड बाहेर पडणे आणि पोटात वेळेवर फुटणे या दोन्ही गोष्टी त्यांच्यावरच अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी सुधारित स्टार्चच्या कार्याचा विचार केला आहे.

स्टार्चचे स्वरूप :
स्टार्चचे कण अमायलोज व अमायलोपेक्टिन या दोन बहुवारिकांचे बनलेले असतात. मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज सुमारे २५ टक्के असते. तासगाव परिसरात उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात, तो मुख्यतः स्टार्चच होय. थंड पाण्यात तो तळाशी बसतो. शिजविल्यावर कण फुगून फुटतात व चीक घट्ट होतो. औषधनिर्मितीत अशीच खळ औषधाची भुकटी बांधण्यासाठी वापरतात. कोरडा स्टार्च मात्र पाणी शोषून गोळी फोडण्यास मदत करतो. अशा रीतीने एकच पदार्थ बंधक व विघटक अशी परस्परविरोधी कामे करतो.

सुधारणेची गरज व पद्धती :
नैसर्गिक स्टार्चची भुकटी सहज वाहत नाही व दाबाखाली नीट बांधली जात नाही. त्यामुळे गोळ्यांचे वजन कमीजास्त होते, म्हणजेच औषधाची मात्राही बदलते. यावर दोन उपाय प्रचलित आहेत.

१) पूर्वशिजित स्टार्च : पाणी व उष्णतेने कण अंशतः फोडून पुन्हा वाळवितात. त्यामुळे भुकटी वाहती व दाबण्यायोग्य होते.

२) सोडियम स्टार्च ग्लायकोलेट : बहुधा बटाट्याच्या स्टार्चच्या साखळ्या एकमेकींस जोडून त्यांवर कार्बॉक्सिमिथिल गट बसवितात. हे गट पाणी ओढतात व जोडण्या कण विरघळू देत नाहीत. परिणामी कण अनेक पटींनी फुगतो. त्याचे प्रमाण सामान्यतः २ ते ८ टक्के असते. ६०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४ टक्के म्हणजे केवळ २४ मिलिग्रॅम होय.

चाचणी व दक्षता :
भारतीय औषधसंहितेनुसार आवरणरहित साधी गोळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सामान्यतः १५ मिनिटांत फुटली पाहिजे. गोळी न फुटल्यास उत्तम औषधही रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. गव्हाच्या स्टार्चमध्ये ग्लुटेनचा अंश राहू शकतो, त्यामुळे सीलिॲक रोग असलेल्यांसाठी स्टार्चचा स्रोत माहीत असणे आवश्यक ठरते.

समारोप :
महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च काढण्याचा उद्योग आहे. तासगाव तालुक्यात पिकणाऱ्या ज्वारीतही स्टार्च विपुल असतो. मात्र तिच्या सालीतील रंगद्रव्ये काढणे व शुद्धतेच्या कसोट्या पार करणे आवश्यक आहे. या दिशेने स्थानिक महाविद्यालयांना अभ्यास करता येईल. निष्क्रिय हे नाव रोगापुरतेच खरे आहे; गोळीच्या गुणवत्तेत स्टार्चचा वाटा पूर्णतः सक्रिय आहे.