मोबाईलमधील सोबती आणि किशोरवयीन मुलांचे मन

सवंगड्यांच्या पंक्तीत आपलेही पान असावे, ही किशोरवयातील मुलाची मोठी भूक असते. दहा-अकरा वर्षांपर्यंत मूल आईबापांच्या व गुरुजींच्या मुद्रेकडे पाहून आपली किंमत ठरविते. पुढे ते सोबत्यांच्या मुद्रेकडे पाहू लागते. ही विकृती नव्हे, वाढीची स्वाभाविक पायरी आहे. खेळातील संघभावना, दिला शब्द पाळणे, मैत्रीसाठी झीज सोसणे हे गुण याच भुकेतून उपजतात. तथापि, मनास न पटणारी गोष्टही मूल याच भुकेपोटी करून बसते.

हा दबाव कसा काम करतो, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून कळते. एका रेषेइतकी लांब रेषा तीन रेषांतून ओळखावयाची, एवढाच प्रश्न होता. परंतु आधीच सांगून ठेवलेले इतर सर्वजण एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी महाविद्यालयीन तरुणांचीही सुमारे एक तृतीयांश उत्तरे डोळ्यांस दिसणारे सत्य सोडून बहुमताकडे झुकली. मात्र खरे उत्तर देणारा एकच जोडीदार लाभला, की चुका सुमारे एक चतुर्थांशावर येत. एका सोबत्याचे हे बळ शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

पूर्वी शाळा सुटली, की हा दबावही बहुधा सुटत असे. घर, शेत, गोठा येथे मुलास विसावा मिळे. मोबाईलने तो विसावा हिरावला. वर्गाचा ग्रुप रात्री अंथरुणापर्यंत येतो. चिडविण्याचे चित्र क्षणात साऱ्या गावभर होते, आणि पुसले तरी दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये उरते. शिवाय पसंती आता आकड्यांत मोजली जाते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना छायाचित्रे दाखविली. तेच छायाचित्र काहींना पुष्कळ ‘लाईक’सह, तर काहींना थोड्या ‘लाईक’सह दाखविले. पुष्कळांनी पसंत केलेले चित्र मुलांनीही अधिक पसंत केले. धोक्याच्या वर्तनाची चित्रेही त्यास अपवाद नव्हती. स्वतःच्या छायाचित्रास पुष्कळ पसंती दिसताच मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भाग विशेष जागृत झाला.

हा प्रश्न केवळ शहरांचा नाही. ग्रामीण भारतातील ‘असर २०२४’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. सातवी-आठवीची मुले याच उंबरठ्यावर उभी असतात.

मोबाईल हाच सर्व दुःखांचे मूळ, असे मात्र मानू नये. दुःखी मूलही मोबाईलकडे अधिक वळते, आणि एकाकी मुलास तेथे मित्रही भेटतो. यास्तव शिक्षकांनी यंत्राकडे नव्हे, मुलाकडे पाहावे. झोप अपुरी राहून वर्गात पेंगणे, अकारण पोटदुखी वा डोकेदुखी सांगणे, शाळा टाळणे, जुन्या मित्रांपासून दूर बसणे, मोबाईल वाजताच दचकणे ही लक्षणे काही आठवडे टिकली, तर त्यांस आळस वा उद्धटपणा समजू नये.

असे मूल दिसल्यास त्यास एकांतात, परंतु इतरांच्या दृष्टीसमोर राहील अशा जागी, जवळ बसवून शांतपणे ऐकावे. प्रथमच उपदेश करू नये. मोबाईल काढून घेण्याची धमकी तर मुळीच देऊ नये. त्या भीतीनेच मुले पुढचा त्रास लपवितात. पालकांना विश्वासात घ्यावे. त्रासाचे संदेश न पुसता जपून ठेवावेत. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी पालकांना व आरोग्य केंद्रास कळवावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ व मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. लैंगिक स्वरूपाचा छळ असल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

वर्गातही पुष्कळ करता येईल. रेषांचा प्रयोग फळ्यावर करून दाखवावा. मुले हसत हसत मर्म जाणतील. ‘सर्वांनी चिडविले, तेव्हा एकाने काय करावे?’ यावर छोटी नाट्यछटा बसवावी. एकट्या पडलेल्या मुलाशेजारी समजूतदार सोबती बसवावा.

शाळेनेही आपले आचरण तपासावे. गृहपाठ न केलेल्यांची नावे, कमी गुणांची यादी वा शिक्षेचे छायाचित्र पालकांच्या ग्रुपवर टाकल्यास, ज्या दबावापासून मुलास वाचवावयाचे तोच दबाव गुरुजींच्या हातून पडतो. उणीव एकट्यास सांगावी, गुण चारचौघांत सांगावा, हा जुना शिक्षकधर्म मोबाईलच्या काळातही पालटलेला नाही.

साऱ्या ग्रुपपुढे एकटे पडलेल्या मुलाच्या बाजूने बोलणारा एक आवाज पुरेसा होतो. तो वर्गात कोणाचाच नसेल, तर तो शिक्षकाचा असावा.