जनुकांना मौन पाळावयास लावणारे प्रथिन

मानवाच्या एक्स गुणसूत्रावर ‘मेकपी-२’ नावाचे जनुक असते. त्याचे प्रथिन डीएनएच्या मेथिलयुक्त भागांना चिकटून तेथील जनुकांचे कार्य दडपते. स्त्रीच्या पेशीत दोन एक्सपैकी एकच गुणसूत्र कार्यरत राहते. ते कसे ठरते, याविषयी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. शरत् चंद्र यांनी स्पेन्सर ब्राउन यांच्यासह १९७३ साली उपपत्ती मांडली. म्हणूनच एका एक्सवरील मेकपी-२ सदोष असलेल्या मुलीच्या मेंदूत निरोगी व सदोष पेशी शेजारी नांदतात. आरंभी नीट वाढणारी अशी मुलगी पुढे वाचा व हस्तकौशल्य गमावते. या रेट-विकाराचे कारण १९९९ साली उमगले. २००७ साली उंदरांत जनुक पुन्हा कार्यान्वित होताच लक्षणे ओसरली. सदोष पेशी मृत नसतात, हाच आशेचा आधार होय.